कॅम्पर व्हॅनमधलं छोटं किचन कपाट: आधी गाडीचं लोखंड शोधा, मग प्लाय कापा

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हॅनमध्ये झोपायची सोय झाली, वायरिंग झालं, भिंतींना आतून अस्तर लागलं. आता सरकत्या दारासमोरच्या भिंतीला साधारण एक मीटर लांबीचं किचन कपाट हवंय. छोटं सिंक, पाण्याचे दोन कॅन, एका बर्नरची शेगडी आणि भांडी-डबे त्यात मावले पाहिजेत. मॉड्युलर किचनचा तयार सांगाडा आणून बसवला तर चालेल का, नाहीतर प्लाय किती जाडीचा घ्यावा, आणि गाडी वळताना दारं उघडू नयेत म्हणून काय करावं?

तिन्हींची उत्तरं देतो. पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करावी लागेल: हे कपाट गाडीला कुठे आणि कशाने धरलेलं असणार? कारण घरातलं कपाट भिंतीला टेकून गप्प उभं असतं. गाडीतलं कपाट, गाडी चालू आहे तोवर, भिंतीपासून सुटायची खटपट करत असतं.

माझं पहिलं कपाट सुतारकाम म्हणून झकास होतं. सांधे घट्ट, सगळे कोपरे गुण्यात, म्हणजे नेमके काटकोनात, दारांच्या फटी सारख्या. फ्लोअरच्या प्लायमध्ये आठ स्क्रू मारले आणि खूश झालो. तिसऱ्या की चौथ्या प्रवासात समोर कुत्रं आलं, ब्रेक दाबत स्टिअरिंग फिरवलं, आणि मागे काहीतरी कुरकुरलं. थांबून बघितलं तर कपाट दाराकडे कललेलं आणि भिंतीकडचे चारही स्क्रू प्लायमधून उपटून वर आलेले.

हिशोब केला असता तर हे आधीच कळलं असतं. कपाटाची खोली ४५ सेंटिमीटर, आणि भरलेल्या कपाटाचं वजन साधारण ४५ सेंटिमीटर उंचीवर एकवटलेलं. अशी वस्तू नुसती ठेवली तर तिच्या वजनाच्या निम्म्या जोराने आडवी ढकलली की ती कलंडायला लागते. अचानक चुकवाचुकवी करताना गाडी एवढा आडवा जोर सहज देते. त्यात स्क्रू फक्त खाली असले तर कपाटच पहारीसारखं काम करतं आणि स्वतःचे स्क्रू स्वतःच उपटतं. म्हणून खालची पकड ही कपाट सरकू नये यासाठी, आणि वरची पकड ते कलंडू नये यासाठी. दोन्ही लागतात. वरची एकदम वर, ओट्याच्या पातळीला हवी. मध्यावर दिलेली पकड अर्धंच काम करते.

हे झालं रोजच्या चालवण्याचं. अपघाताचा विचारही करायलाच हवा. जोराच्या धडकेत वस्तूवर क्षणभर तिच्या वजनाच्या २० पट किंवा त्याहून जास्त जोर येऊ शकतो. भरलेलं कपाट ४५ किलोचं धरलं तर तो जोर ९०० किलो वजनाएवढा होतो. एवढा जोर घरी बनवलेलं कपाट बिनधास्त पेलेल असं मी म्हणणार नाही. पण बोल्ट गाडीच्या लोखंडात आहेत की नुसत्या प्लायमध्ये, यावर पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत काय येऊन आदळणार हे ठरतं.

तेव्हा पहिलं काम करवतीचं नाही, टॉर्चचं. अस्तर लागायच्या आधीचे फोटो काढले असतील तर उत्तम, नसतील तर अस्तराचा एखादा तुकडा खोलून बघा. व्हॅनच्या पत्र्याला आतून दुमडलेल्या बरगड्या असतात. त्या पोकळ पण ताठ असतात, आणि वरची पकड त्यांच्यातच घ्यायची. बऱ्याच मालवाहू व्हॅनमध्ये तळाला सामान बांधायच्या कड्या कंपनीनेच दिलेल्या असतात. त्या कड्या काढल्या की खाली आटे असलेलं तयार भोक मिळतं, आणि ते ताण घेण्यासाठीच बनवलेलं असतं. तुमच्या कपाटाच्या जागेत अशी एक जरी कडी येत असेल तर कपाट दहा सेंटिमीटर इकडेतिकडे सरकवून तिचा फायदा घ्या.

पत्र्यात नुसते स्क्रू का मारू नयेत, तेही सांगतो. व्हॅनच्या बाजूचा पत्रा जेमतेम ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एम ६, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या, बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. म्हणजे पत्र्यात स्क्रूला धरायला एखादाच आटा मिळतो. आज घट्ट वाटतो, पण गाडीच्या थरथरीने भोक हळूहळू मोठं होत जातं. बरगडीत रिव्हनट बसवा. हा आतून आटे असलेला पोकळ रिव्हेट असतो. हत्याराने ओढला की पत्र्याच्या मागे फुगून बसतो आणि बोल्टला पुरेसे आटे मिळतात. स्टीलचा, एम ६ किंवा एम ८. भोक पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच पाडा. अर्धा मिलिमीटर मोठं पडलं तर रिव्हनट बोल्टबरोबर गरगर फिरायला लागतो, मग तो ना निघतो ना बसतो, आणि तुमची संध्याकाळ त्यातच जाते.

तळाला आरपार बोल्ट देणार असाल तर आधी गाडीखाली झोपून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरींचे जुडगे नेमके आपण भोक ठरवतो तिथेच असतात. खालून वरून दोन्हीकडून मापं जुळवा, ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. खालच्या बाजूला मोठा रुंद वॉशर आणि नायलॉन असलेला नट, म्हणजे थरथरीने सुटणार नाही. प्रत्येक भोकाच्या कडेला झिंकचा प्रायमर लावा, बोल्ट सीलंटमध्ये बसवा. आणि ड्रिलचा कीस लोहचुंबकाने वेचून काढा, कारण तो कीस जिथे पडून राहतो तिथे गंजाचे ठिपके उमटतात. दाराशेजारच्या खांबांत सीटबेल्टची यंत्रणा आणि कधी एअरबॅगच्या वायरी असतात. तिथे भोक पाडायचंच नाही. गाडीत कायमचे बदल करताना तुमच्याकडच्या वाहन आणि गॅसच्या नियमांत काय लिहिलंय तेही आताच बघून घ्या, कारण काही ठिकाणी अशा बदलांना तपासणी लागते.

आता तयार सांगाड्याचं. माझं उत्तर: नको. तो बहुतेक वेळा १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेल्या फळीचा असतो. स्थिर घरात चालतो. गाडीत त्याच्या दोन खोडी नडतात: सतत थरथर झाली की स्क्रूभोवतीचा भुगा मोकळा होतो, आणि कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. शिवाय घरच्या ओट्याखालचा सांगाडा साधारण ५६ ते ५८ सेंटिमीटर खोल असतो. व्हॅनमधल्या चिंचोळ्या वाटेतले हे जास्तीचे दहा-बारा सेंटिमीटर रोज मांडीला लागतात.

वजनाचंही बघा. १ मीटर लांब, ४५ सेंटिमीटर खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच कपाटाला तळ, पाठ, एक फळी, ओटा आणि दारं धरून साधारण पावणेचार चौरस मीटर फळी लागते. बर्च प्लाय १८ मिलिमीटरचा घेतला तर हे जवळपास ४५ किलो होतं. पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाचा १२ मिलिमीटरचा प्लाय घेतला तर २० किलोच्या आसपास. अजून एक चमचाही ठेवलेला नाही आणि २५ किलोचा फरक पडलाय, म्हणजे २५ लिटर पाणी. गाडीच्या कागदांवर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. पलंग, बॅटरी, माणसं आणि पाणी मोजत गेलं की ती मर्यादा वाटते त्यापेक्षा फार लवकर येते.

म्हणून सांगाडा १२ मिलिमीटरच्या हलक्या प्लायचा. मागे अख्खी पाठ न लावता वर आणि खाली दहा सेंटिमीटरच्या आडव्या पट्ट्या द्या, आणि या पट्ट्यांमधूनच बोल्ट गाडीत जाऊ द्या. कपाट चौकोनातून तिरकं होऊ नये म्हणून ड्रॉवर आणि कॅनच्या खणामधली उभी फळी एका दिशेला कामाला येते, दुसऱ्या दिशेसाठी कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे द्या. फक्त ओटा १५ किंवा १८ मिलिमीटरचा घ्या; त्यावर हात टेकून माणूस उठतो, आणि सिंकचं भोक पाडलं की उरलेली पट्टी नाजूक होते. सांध्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही. प्लायच्या कडेत स्क्रू मारायच्या आधी बारीक भोक पाडलं नाही तर १२ मिलिमीटरचा प्लाय फाटतोच.

मापं घेताना पाणसळ पेटीतच ठेवा. उभी व्हॅन कधीच सपाट नसते, आणि आज इथे लेव्हलमध्ये बसवलेलं कपाट उद्या दुसऱ्या जागी तिरकंच दिसणार. सगळी मापं गाडीच्या तळापासून, गुण्याने. आणि व्हॅनची भिंत तर सरळ नसतेच. ती वर जाताना आत झुकते, मध्ये फुगते. नवखे लोक कपाटाच्या दोन्ही बाजू त्या वळणाप्रमाणे कापायला बसतात आणि दोन दिवस घालवतात. गरज नाही. खोका सरळ चौकोनी करा, भिंतीला जिथे पहिल्यांदा टेकेल तिथे थांबवा. फक्त ओट्याची मागची कड पुठ्ठ्याचा साचा करून भिंतीला जुळवा. खाली उरलेली पाचरीसारखी फट वाया जात नाही: तिथून वायर आणि पाइप जातात, आणि हवा खेळती राहते. थंड पत्र्यावर आतली वाफ पाणी होऊन साचते. कपाट पत्र्याला चिकटून असलं तर ते पाणी प्लाय पितो. वरच्या बोल्टांना मात्र या फटीत बरगडीपर्यंत लाकडी ठोकळे द्या. बोल्ट हवेत लोंबकळता ठेवून आवळला तर पट्टी वाकते.

कपाट उंच किती? घरात ओटा ८५ ते ९० सेंटिमीटरचा असतो, पण व्हॅनमध्ये आधी ठरवायचं की स्वयंपाक उभ्याने होणार की बसून. ताठ उभं राहता येत नसेल तर ८५चा ओटा म्हणजे कायमचं कंबरदुखीचं आमंत्रण. ज्या स्थितीत काम करणार त्या स्थितीत कोपरापासून दहा-पंधरा सेंटिमीटर खाली ओटा, एवढं पुरे. प्लाय आणायच्या आधी पुठ्ठ्याचे खोके चिकटवून त्याच मापाचं खोटं कपाट उभं करा आणि दोन रात्री त्याच्यासोबत काढा. रात्री अंधारात उठून दाराकडे जा, वाकून बूट घाला. माझ्या दुसऱ्या गाडीत या खोट्या कपाटानेच दाखवलं की ओट्याचा पुढचा कोपरा बरोबर माझ्या कमरेच्या हाडाला लागतो. तो कोपरा मी पाच सेंटिमीटरच्या गोलाईत कापला.

आत काय कुठे ठेवायचं हे बरंचसं पाण्याने ठरवलेलं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे कॅन सगळ्यात खाली आणि शक्य तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या मधे येतील असे. ताज्या पाण्याचा एक, सिंकखाली सांडपाण्याचा एक. इथे मी केलेली चूक तुम्ही करू नका: खण मी कॅनच्या मापाने बरोबर बनवला, पण पुढच्या चौकटीची पट्टी विसरलो. कॅन आत बसत होता, भरलेला बाहेर निघत नव्हता. वरून नळी काढायला, कॅन थोडा उचलून पुढे ओढायला जागा लागते, तेव्हा खणाचं तोंड कॅनपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद आणि आठ-दहा सेंटिमीटर उंच ठेवा. कॅनसमोर तळाला एक पट्टी आणि वरून एक पट्टा, नाहीतर ब्रेक दाबला की वीस किलोचा कॅन आतून दार ठोठावतो.

जड भांडी ड्रॉवरमध्ये, खालच्या बाजूला. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या बॉल बेअरिंगच्या चॅनेलला दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिलिमीटर जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचा खोका खणापेक्षा २५-२६ मिलिमीटर अरुंद. हे माप चुकलं तर पटाशीने सुधारत नाही, नवा खोका करावा लागतो. चॅनेल शक्यतो लॉक असलेलं घ्या, जे बंद स्थितीतही अडकतं आणि पूर्ण उघड्या स्थितीतही. पूर्ण उघडल्यावर अडकणं उतारावर गाडी उभी केली की कळतं. एका हातात गरम पातेलं असताना ड्रॉवर बोटांवर आपोआप बंद होत नाही.

कपाट बसवल्यावर ड्रॉवर अचानक जाम झाला तर चॅनेलला दोष देऊ नका. वरचे बोल्ट आवळताना भिंतीच्या वाकड्यातिकड्या ओढीने सांगाडा पिळला जातो. खालचे बोल्ट पक्के आवळा, वरच्या बोल्टांखाली रबरी वॉशर द्या आणि पट्टीतलं भोक लांबट ठेवा. खराब रस्त्यावर गाडीचं शरीरही थोडं पिळतं, तेव्हा हीच ढील कामाला येते.

दारांचं उत्तर आता सोपं आहे. चुंबकाच्या कड्या, रोलरच्या कड्या आणि हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्या यांपैकी काहीच गाडीत पुरत नाही. भरलेला ड्रॉवर आठ किलोचा असला आणि जोराच्या वळणावर त्याला अर्ध्या वजनाएवढा धक्का बसला तर चुंबकावर चार किलोची ओढ येते, खड्ड्यांचे हिसके वेगळे. यांत्रिकरीत्या अडकणारी कडीच हवी. बोटींमध्ये आणि कॅरॅव्हॅनमध्ये वापरतात ती दाबून उघडायची बटणं मला सगळ्यांत आवडतात: बंद असताना बटण दारात गेलेलं असतं, उघडं असताना बाहेर आलेलं. निघताना नुसती नजर टाकली तरी काय उघडं राहिलंय ते दिसतं, आणि वाटेत कपड्याला अडकत नाही. मात्र ही बटणं ठरावीक जाडीच्या दारासाठी येतात, बऱ्याचदा १५-१६ मिलिमीटरच्या आसपास. दार १२ मिलिमीटरचं असेल तर बटणापुरता मागून प्लायचा तुकडा चिकटवा. डबे ठेवायच्या फळीला पुढून चार-पाच सेंटिमीटरची कड द्या. दार उघडताक्षणी आत सरकून टेकलेला डबा पायावर पडतो, तो या कडेने अडतो.

गॅसबद्दल मी थोडा हट्टी आहे. बाहेर कोरडं असेल तेव्हा शेगडी ड्रॉवरमधून काढून बाहेर वापरायची, असं केलं तर कपाटही सुटसुटीत राहतं. आतच पक्की शेगडी आणि सिलिंडर हवा असेल तर लक्षात ठेवा की प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड असतो. गळलेला गॅस वर जात नाही, तळाशी साचतो. सिलिंडरचा खण आतल्या बाजूने हवाबंद आणि त्याच्या तळाला थेट गाडीबाहेर जाणारं भोक, यात तडजोड नाही. ते भोक एक्झॉस्टजवळ किंवा ठिणगी पडेल अशा जागी नको. बसवलेल्या गॅसची जोडणी त्या कामाच्या माणसाकडून तपासून घ्या. गॅसचा अलार्म तळाजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म झोपायच्या जागेजवळ, आणि ज्योत पेटली की खिडकी उघडी. आग विझवायचं सिलिंडर दाराशी. शेगडीच्या पलीकडे ठेवलं तर नेमकं हवं तेव्हा ज्वाळांवरून हात घालावा लागतो.

फ्रिज याच कपाटात कोंबायचा मोह होईल. कॉम्प्रेसरला हवा लागते; खालून आत आणि वरून बाहेर जायला वाट ठेवता येत नसेल तर तो दुसरीकडे ठेवा.

रंगकाम शेवटी नाही, मधोमध. आधी सगळं कोरडं जुळवून बघा, बोल्ट घालून बघा, दारं उघडझाप करून बघा. मग सगळं खोला आणि प्रत्येक सुट्या तुकड्याच्या कडांना पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या. सिंकच्या भोकाच्या कडेला एक जास्त. कपाट नासतं ते बहुतेक इथूनच, आणि सिंक बसल्यावर ती कड परत दिसत नाही. जुळवलेलं कपाट गाडीच्या दारातून आत जातंय ना, हेही याच टप्प्यावर बघायचं. हसू नका, एकदा मी घराच्या अंगणात अख्खं कपाट तयार करून ठेवलं होतं आणि ते पलंगाच्या चौकटीला चार सेंटिमीटरने अडलं.

बसवल्यावर पहिली फेरी रिकाम्या कपाटाची, दुसरी भरलेल्याची. मागे माणूस बसवून आवाज ऐकायला लावू नका. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो ड्रॉवरमध्ये ठेवा आणि खराब रस्त्यावर दहा मिनिटं फिरून या. खडखड बहुतेक वेळा कपाटाची नसते, एकात एक ठेवलेल्या भांड्यांची असते. मध्ये फडकं घातलं की थांबते. फळ्यांवर न घसरणारी जाळीदार मॅट आणि दारांच्या कडांना फोमची बारीक पट्टी लावली की उरलेलाही आवाज बराच कमी होतो. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, आणि प्रत्येक नटापासून वॉशरवर उतरेल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढे कधीही टॉर्च मारला की रेघ तुटलेली दिसेल तोच नट सुटतोय.